पुरावा दाखवल्यावर माणसाचे राजकीय मत अधिकच घट्ट का होते?

प्रश्न : गिरणाकाठ (चाळीसगाव)

२०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे भाऊबंद गावी जमलो होतो. ओसरीलगतच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला होता, कारण भाव चढेल या आशेने थोरल्या भावाने, म्हणजे अण्णांनी, तो दिवाळीपासून राखून ठेवला होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये असताना गावात येऊन खरेदी करणारा (खेडा खरेदीचा) व्यापारी त्याहून बराच कमी भाव सांगून गेला होता. अण्णा ज्या पक्षाला वर्षानुवर्षे मत देतात, त्याच्या धोरणाबद्दल मी कागदावर आकडे मांडून बोलू लागलो, तेव्हा नुकसान त्यांचे स्वतःचे असूनही ते त्या पक्षाची बाजू अधिकच आवेशाने मांडू लागले आणि शेवटी ताटावरून उठून गेले. अण्णा अडाणी नाहीत. पिकाचा हिशेब त्यांच्याइतका चोख ठेवणारा आमच्या घरात दुसरा कोणी नाही. मग राजकारणाचा विषय निघाला की हाच माणूस हिशेब का नाकारतो? यामागचे मानसशास्त्र कोणी समजावून सांगेल का?

उत्तर : मानसशास्त्राची प्राध्यापिका (धुळे)

आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग १९७९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. लॉर्ड, रॉस आणि लेपर या संशोधकांनी मृत्युदंडाचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही गटांतील विद्यार्थ्यांना एक अनुकूल आणि एक प्रतिकूल असे दोन अभ्यास वाचायला दिले. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, विरुद्ध बाजूच्या अभ्यासात चुका सापडल्या, आणि दोन्ही गट आधीपेक्षा आपल्या मतावर अधिक ठाम झाल्याचे स्वतःच सांगू लागले. २००३ मध्ये जेफ्री कोहेन यांनी दाखवले की एखादी कल्याणकारी योजना आपल्या पक्षाची आहे एवढे कळले, तरी लोक तिच्या तपशिलाकडे फारसे न पाहता तिला पाठिंबा देतात, आणि आपण योजनेचे गुणदोष पाहूनच ठरवले असे त्यांना मनापासून वाटते.

मात्र पुराव्याने माणूस नेहमीच उलटा जातो, असा अर्थ कृपया काढू नये. २०१९ मधील एका अभ्यासात नेत्याच्या विधानातील चूक दाखवल्यावर त्याच्या समर्थकांनी खरा आकडा बऱ्यापैकी स्वीकारला, पण नेत्याबद्दलची आपुलकी जवळजवळ तशीच राहिली. अण्णांना आपला आकडा कदाचित त्याच दिवशी पटला असेल. सगळ्या भावंडांसमोर, लेकी माहेरी आलेल्या असताना, धाकट्याकडून तो ऐकून घेणे मात्र त्यांना जड गेले असावे, आणि ही बाब मला आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

उत्तर : केळीवाला (रावेर)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु हे सारे मनाचे दोष म्हणून पाहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन, तेव्हा माझ्या आजोबांनी तेथे पाणी वाहिले होते. त्या एका आठवणीवर आमच्या घराने दोन पिढ्या मतदान केले. पुढे वादळात आमची केळीची बाग आडवी झाली, त्या दिवशी पंचनाम्यासाठी तलाठ्याला सोबत घेऊन जो कार्यकर्ता चिखल तुडवत आला, तो दुसऱ्या पक्षाचा होता, आणि माझे मत तेव्हा बदलले. जाहीरनामा मी आजवर वाचलेला नाही. ‘तो आपला माणूस शे,’ असे आमच्याकडे म्हणतात, त्यात उपकाराची जाणीवही असते आणि पुढच्या अडचणीचा विचारही असतो. आपल्या घरी अडीअडचणीला कोण धावून आले होते, हे अण्णांना विचारून पाहावे.

उत्तर : सातपुडा (नंदुरबार)

प्रश्नकर्त्याने स्वतःचे मत कोठून आले, हे लिहिलेले नाही. विरोधकाच्या मताला मानसशास्त्र आणि आपल्या मताला पुरावा, अशी वाटणी आपण सगळेच करतो. २०१३ मध्ये फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना आवडत्या धोरणाची कारणे द्यायला सांगितली, तर काहींना ते धोरण प्रत्यक्षात कसे चालते, हे पायरीपायरीने समजावायला सांगितले. कारणे देणारे होते तेथेच राहिले. समजावू पाहणाऱ्यांना आपले अज्ञान जाणवले आणि त्यांची मते सौम्य झाली. हा प्रयोग आधी स्वतःवर करावा.

प्रश्नकर्ता : गिरणाकाठ

तो केला. हमीभावाची खरेदी नेमकी कशी चालते, हे कागदावर लिहू लागलो आणि तिसऱ्या ओळीलाच अडलो. म्हणून अण्णांकडे गेलो आणि या वेळी फक्त विचारले. त्यांनी गंजीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढला, मुठीत दाबला आणि सांगितले की ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून जास्त असला तर सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावरून गाडी परत. दिवाळीतला आपला कापूस ओला होता, हे त्यांनी आपणहून मान्य केले. केळीवाले भाऊंचा प्रश्नही मी विचारला. वडिलांना रात्री दोन वाजता धुळ्याला न्यायचे होते, तेव्हा ज्याने स्वतःची जीप काढली आणि सकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला, तो त्याच पक्षाचा गावातला कार्यकर्ता होता. मी त्या वर्षी पुण्याला शिकत होतो, आणि ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती.