विमच्या सेटिंगमध्ये तुमचं कुठे अडलं? अनुभव सांगा

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये ओळींचे क्रमांक दाखवायला ‘सेट नंबर’, लपवायला ‘सेट नोनंबर’. तेच ‘लेट’ने करायचं तर ‘लेट &नंबर = १’. निओव्हिम या विमच्या नव्या अवतारात चालणाऱ्या ल्युआ भाषेत आणखी तिसरंच. नव्याने शिकणारा इथेच गोंधळतो. तेव्हा कोकणातल्या विमकरांनो, आपल्याला नडलेली एक तरी ओळ नीट उलगडून सांगा.

रत्नागिरीहून:
इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रॅक्टिकलला मी विमच देते. टॅबची रुंदी व्हेरिएबलमध्ये ठेवून मुलं ‘सेट टॅबस्टॉप=रुंदी’ लिहितात आणि विम म्हणतं, इथे आकडा हवा. ‘मॅडम, रुंदी चार दिलीय ना वर!’ दिलीय, पण ‘सेट’ ही व्हीआय आणि एक्स या जुन्या एडिटरांकडून आलेली कमांड. ती = पुढचा मजकूर जसाच्या तसा उचलते. व्हेरिएबलची किंमत काढणं हे ‘लेट’चं काम, म्हणून ‘लेट &टॅबस्टॉप = रुंदी’. हे फळ्यावर मांडलं की बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

देवगडहून:
आंब्याच्या पेट्यांचा हिशेब साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो, रकाने टॅबने. मधेच कुणी स्पेस मारली की बेरजेची स्क्रिप्ट बिघडते, म्हणून लिस्टचार्स लावून टॅब डोळ्यांना दिसता ठेवतो. टॅबसाठी > आणि पुढे रिकामी जागा हवी होती. ‘सेट’मध्ये जागा आली की किंमत तिथेच संपते, म्हणून आधी बॅकस्लॅश: ‘सेट लिस्टचार्स=टॅब:>\ ,ट्रेल:-’. ‘लेट’मध्ये सगळं एकेरी अवतरणात टाका, बॅकस्लॅश नको. ‘सेट’ला दुहेरी अवतरण देऊ नका, तिथून पुढची ओळ कॉमेंट समजली जाते.

मालवणहून:
मी घरून काम करतो. सर्व्हरवर जुनं विम, लॅपटॉपवर निओव्हिम, म्हणजे दोन्ही तऱ्हा रोजच्याच. ल्युआत साधी किंमत द्यायला ‘व्हिम.ओ’ पुरतं, यादीत भर घालायची तर ‘व्हिम.ऑप्ट’ आणि ‘अपेंड’. पण ‘ऑप्ट’ छापून पाहाल तर आकड्याऐवजी टेबल (ल्युआची माहिती साठवायची रचना) येतं, ‘गेट’ला हाक मारावीच लागते. लांब ओळ खाली दुमडू नये म्हणून ‘सेट’ला देतो तसं ‘नोरॅप’ इथे नाही, ‘रॅप = फॉल्स’.

अलिबागहून:
२०२२ च्या विम ९ मधली नवी स्क्रिप्ट-भाषा वापरते. ‘लेट’ गेलं, नुसतं ‘&टॅबस्टॉप = ४’. यात = च्या दोन्ही बाजूंना जागा सोडावीच लागते आणि ‘सेट’मध्ये = पुढे सोडलेली चालत नाही. दोन्ही ओळी एकाच फाइलीत शेजारी असतात. हे हाताच्या सवयीत कुणी कसं बसवलंय?