मदत हवी आहे: लेक अमेरिकेच्या वाळवंटात पायी चालतेय, जेवण जात नाही

तापीकाठ:
मंडळी, नमस्कार. यावल तालुक्यात आमची केळीची शेती. लेक कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. तिनं लांब रजा काढली आणि पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालायला निघाली. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पो गावापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत, सुमारे ४,२६५ किलोमीटर. त्यातले पहिले अकराशे वाळवंटाचे. तिच्या आईला हे आधीपासून माहीत होतं, मला ती निघाल्यावर कळलं. ते जाऊ द्या.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, रेंज मिळाली की बोलते. कालचा फोन ऐकून जीव थाऱ्यावर नाही. डोकं दुखतं, मळमळतं, खायला काढलं की नकोसं होतं. बोटं सुजलीत, अंगठी निघत नाही. पाणी मात्र भरपूर पितेय म्हणते, चार-पाच लिटर पाठीवर असतंच. पायाला फोड आलेत, ते येणारच.

ऊन काय असतं ते मला कोणी सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पहाटे बागेत जायचं, दहाच्या आत घरात यायचं. तिच्याकडे दुपारी ३२-३३ आहे म्हणते! एवढ्या तापमानाला आम्ही एप्रिलात ‘आज बरं आहे’ म्हणतो. मग तिला ऊन कसं बाधलं? की दुसरंच काही आहे? परत फिर म्हणून सांगू का? पुढे ३८ किलोमीटर पाणीच नाही असंही म्हणाली. तिकडे कोणी चाललेलं असेल तर सांगा. शेव-लाडवांचं पार्सल पाठवता येईल का, हेही घरातून विचारायला सांगितलंय.

भरीतवाला:
दादा, खिशात कांदा ठेवायला सांगा. आमच्या आजीनं आयुष्यभर ठेवला, कधी ऊन लागलं नाही.

रानवाटा:
कांदा खिशात ठेवण्यापेक्षा मीठ लावून खाल्लेला बरा.

काका, मी या वाटेचा कॅम्पो ते वॉर्नर स्प्रिंग्ज हा सुरुवातीचा टप्पा चालले आहे. नुसती बोटं सुजणं चालणाऱ्यांना नेहमीचंच, पण त्यासोबत मळमळ, डोकेदुखी, भरपूर पाणी आणि पोटात अन्न नाही, हे सगळं एकत्र आलं की मला वेगळी शंका येते. घामातून मीठ जातं, वरून नुसतं साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. ते बरंचसं ऊन लागल्यासारखंच दिसतं आणि माणूस आणखी पाणी पितो. आधी तिला एकच विचारा: लघवी कशी होतेय? गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. पाण्यासारखी पांढरी, सारखी सारखी होत असेल तर पाणी जास्त होतंय. लाजू नका, तिकडे जेवताना याच गप्पा चालतात.

आता ३३ अंशांचं. तुम्ही दहाला सावलीत येता. ती त्याच वेळी पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन चढ चढत असणार. तिथली झुडपं कमरेएवढी, सावली म्हणाल तर नाहीच. कॅम्पो सुमारे ८९० मीटरवर आहे, पुढचं डोंगरावरचं गाव माउंट लगुना १,८०० च्या आसपास, म्हणजे सुरुवातीलाच चढ. त्यात पहिल्या दिवशी मोरेना तलावापर्यंतचे ३२ किलोमीटर एका दमात मारायला बघतात आणि हाउझर खोऱ्यातला शेवटचा चढ ऐन दुपारी वाट्याला येतो. वर्षभर एसीत बसलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. यावलचं रक्त असलं तरी!

रात्री उलट थंडी. माउंट लगुनाला एप्रिलातही बर्फ पडू शकतो, तेव्हा वजनाच्या नादात गरम कपडे खोलीवर ठेवून आली नाही ना, तेही विचारा.

बरळायला लागली, तोल जायला लागला, उलट्या थांबेनात, तर वाट बघायची नाही. रेंज नसतानाही चालणाऱ्या सॅटेलाइट मेसेंजरवरून सरळ मदत मागवायची.

तापीकाठ:
विचारलं. पाण्यासारखीच होते, आणि रात्रीतून दोनदा उठावं लागतं. दिवसभरात दोन चॉकलेट बार, बस. मिठाची पावडर सोबत आहे पण चव आवडत नाही म्हणून पाकीट फोडलेलंच नाही. आईनं दिलेली लोणच्याची बाटली जड होते म्हणून मैत्रिणीकडे ठेवलीय.

सातपुड्याची_वाट:
मुलीची जात आहे, एकटी आहे. बोलवून घ्या काका, कशाला जिवाशी खेळ.

रानवाटा:
एकटी कुठली? मोसमात कॅम्पोच्या टोकाहून रोज ५० जणांना परवाने मिळतात. मागे-पुढे माणसं असतातच.

काका, परत फिर म्हणू नका, थांब म्हणा. माउंट लगुनाला दुकान आहे. तिथे एक पूर्ण दिवस बसू दे. खारे शेंगदाणे, चिप्स, खारट सूपवाले नूडल्स, जे घशाखाली उतरेल ते थोडं थोडं. तहान लागेल तेवढंच पाणी. बरी झाली की चालताना पावडर घातलेलं पाणी घोट-घोट. आणि विश्रांती घेऊनही डोकेदुखी-मळमळ हटली नाही तर गाडी करून दवाखाना. त्यात मान-अपमान नाही.

वाळूतला_उंट:
पाण्याचं मी सांगतो. तो ३८ किलोमीटरचा टप्पा सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग नावाचा झरा. मध्ये नैसर्गिक पाणी नाही हे खरं. अधेमध्ये स्वयंसेवक बाटल्या आणून ठेवतात, पण त्या भरवशावर निघायचं नाही, रिकाम्याही सापडतात. फारआउट ॲपवर पुढे गेलेले लोक कुठे पाणी आहे ते लिहितात, ते आदल्या दिवशी वाचायचं. पाच-सहा लिटर भरून दुपारी चारनंतर चढायला लागायचं, अंधार पडेपर्यंत चालायचं, झोपायचं, पहाटे पुन्हा सुरू. तुमचा केळीच्या बागेचाच टाइमटेबल, फक्त संध्याकाळही वापरायची. त्याआधी ज्युलियन गावात उतरून पोटभर जेवून घेऊ दे.

पार्सल नको. ते पोहोचेपर्यंत ती शंभर-दोनशे किलोमीटर पुढे गेलेली असेल.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. लगुनाला थांबली, झोपली, नूडल्सचं सूप दोनदा प्यायली. डोकं उतरलंय, अंगठी निघाली. पावडर लिंबू पिळून चालते म्हणे. ‘थांब’ म्हटल्यावर ऐकलं, ‘परत ये’ म्हटलं असतं तर फोन ठेवला असता, ओळखतो मी तिला.

आता बुटांचं. पाय सुजल्यामुळे बोटं पुढे घासतात, दोन नखं काळी पडलीत. ज्युलियनच्या आसपास नवे घ्यायचे म्हणते. किती मोठे घ्यावेत?

रानवाटा:
एक नंबर मोठे, पंजाला रुंद. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, चालताना घालते तेच मोजे घालून मापून बघू दे. तोवर उतारावर नाडी घोट्याजवळ घट्ट बांधायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.