अनुभव धागा: घरातलं फेंगशुई, वास्तू आणि तीन पायांचा बेडूक

सांजवात (धागाकर्ती)

फेंगशुईचा, म्हणजे चिनी वास्तुविद्येचा, विषय जुना आहे, पण अजून प्रत्येक नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला निघतोच. १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे आपल्या भेटवस्तूंच्या दुकानांत लाफिंग बुद्ध, विंड चाइम, लाल फितीतली चिनी नाणी आणि तोंडात नाणं धरलेला बेडूक दिसायला लागले. उंबरठा, तोरण, तुळस, ईशान्येला देवघर हे आपल्याकडे आधीपासून होतंच. आता बऱ्याच घरांत दोन्ही सुखाने नांदतात. दारावर गणपती, आत टीव्हीखाली बेडूक.

मला अनुभव हवे आहेत. काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून, घरचे काय म्हणाले, आणि पुढे ते ठेवलंत की काढलंत? 'सगळं थोतांड आहे' आणि 'श्रद्धा असेल तर गुण येतो' ही दोन वाक्यं सगळ्यांच्या वतीने मीच इथे लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नकोत.

सुरुवात माझ्या घरापासून. नवऱ्याच्या मित्राने सांगितलं, आग्नेय म्हणजे धनाचा कोपरा, तिथे मासे ठेव. नवरा त्याच संध्याकाळी काचेची टाकी घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, आग्नेयेला अग्नी असतो, तिथे पाणी ठेवणार? शेगडी विझवायची आहे का? गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आपल्या वास्तुशास्त्रात आग्नेय अग्नीची. फेंगशुईची पाच तत्त्वं वेगळी आहेत: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यात आग्नेय येते लाकडाकडे, आणि पाणी लाकडाला पोसतं म्हणून तिथे मासे. म्हणजे एकाच कोपऱ्यात एक शास्त्र जाळ मागतं आणि दुसरं पाणी. टाकी शेवटी पॅसेजमध्ये गेली, जी कोणाच्याच नकाशात नव्हती. मासे मजेत आहेत.

डोंगरवाट

हाँगकाँगमध्ये राहते, तुंग चुंगला. इथे हा विषय दुकानातल्या बेडकापुरता नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या इमारतीत चौथा, चौदावा, चोविसावा मजला नाही. पाहुण्यांना लिफ्टमध्ये हे दाखवायचं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. नवऱ्याच्या ऑफिसात चिनी नववर्षाच्या सुमारास सिफू, म्हणजे फेंगशुईचे गुरुजी, येतात, हातात लोपान घेऊन. ही त्यांची होकायंत्राची थाळी: मध्ये चुंबकसुई आणि भोवती अक्षरांची वर्तुळं, त्यातल्या एका वर्तुळात दिशांचे चोवीस भाग. सिफू म्हणाले तर साहेबाचं टेबल फिरतं. नवरा आधी हसायचा. नंतर त्याच्या लक्षात आलं की टेबल फिरवताना सहसा एकच गोष्ट बघतात: पाठीशी भिंत हवी आणि दार समोर दिसायला हवं. दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाला मागून कोण आलं हे कळत नाही, यात न पटण्यासारखं काय आहे?

शहरातल्या गोष्टी तर विचारू नका. सेंट्रल भागात एचएसबीसी बँकेची इमारत (१९८५) आणि जवळच आर्किटेक्ट आय. एम. पेईंनी रचलेला बँक ऑफ चायनाचा टॉवर (१९९०) उभा आहे. त्या टॉवरच्या धारदार कडा शेजाऱ्यांवर सुऱ्यासारख्या रोखलेल्या आहेत, अशी तेव्हा मोठी ओरड झाली होती. एचएसबीसीच्या गच्चीवर खिडक्या धुण्याच्या क्रेन आहेत, त्या तोफांसारख्या दिसतात. लोक सांगतात, त्या मुद्दाम त्या टॉवरकडे तोंड करून ठेवल्या. खरं काय ते बँकवाले जाणोत, पण हा किस्सा इथला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. रिपल्स बेला एका उंच इमारतीच्या मधोमध भलंमोठं चौकोनी भोक आहे, डोंगरातल्या ड्रॅगनला समुद्राकडे जायला वाट हवी म्हणून. आमच्या घराजवळच्या डिस्नेलँडने २००५ मध्ये उघडण्याआधी मुख्य प्रवेशद्वाराची दिशा १२ अंशांनी फिरवली होती.

दुसरी बाजूही इथेच पाहिली. नीना वांग नावाची अब्जाधीश बाई २००७ साली गेली. तिच्या फेंगशुई सल्लागाराने सगळी संपत्ती आपल्या नावावर केल्याचं मृत्युपत्र पुढे आणलं. २०१० मध्ये कोर्टाने ते बनावट ठरवलं आणि २०१३ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. शेजारच्या चिनी आजी हे सांगताना लोपानला नाही, त्या माणसाला शिव्या घालतात.

मला स्वतःला फेंगशुई पटलं ते बँकांपाशी नाही, लाय ची वोला. हे हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीज भागातलं, हाक्का या चिनी समाजाचं जुनं गाव. तीन बाजूंनी घरांना धरून डोंगरउतारावर दाट झाडी राखलेली आहे. तिला फेंगशुईचं रान म्हणतात. गावाच्या पाठीशी झाडं उभी हवीत, ती तोडली तर गावाची भरभराट जाते, हा समज. प्रत्यक्षात ते रान उतारावरची माती धरून ठेवतं, वादळात वारा अडवतं आणि उन्हाळ्यात गावाला सावली देतं. मी मूळची संगमेश्वरकडची. तिथे उभी राहिले आणि आमच्या गावची देवराई आठवली. तिथेही काडी तोडायची नाही, देव कोपतो. भोवतालचा जुना झाडोरा तुटून गेला तरी भीतीमुळे म्हणा, भक्तीमुळे म्हणा, दोन्हीकडची ही रानं टिकली.

पेठेतला पाहुणा

+१. डोंगरवाट, देवराईवर वेगळा धागा काढाच.

आमच्याकडे विंड चाइम होतं. वाऱ्यापेक्षा वडिलांच्या डोक्याला जास्त वाजायचं. आई हळदीकुंकवाला आलेल्या कोणाला तरी देऊन मोकळी झाली.

शाईचा डाग

माझा अनुभव हलकाफुलका नाही, चालेल ना?

वडिलांचा कोल्हापुरात छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीचे कागद. फ्लेक्स आणि डिजिटल छपाई आली तसं काम घटत गेलं. त्याच काळात कोणीतरी एका सल्लागाराला घेऊन आलं. त्याने वास्तू आणि फेंगशुई एकत्र करून सांगितलं: दक्षिणेचं दार बंद करा, पूर्वेला नवं पाडा, मशिनखाली पिरॅमिड ठेवा. (पिरॅमिड कुठून आला? तो चीनचाही नाही आणि आपलाही नाही.) फीशिवाय गवंडीकाम, शटर आणि कामगारांचे बसून पगार. पूर्वेला बोळ होता. नव्या दाराने कागदाची रिमं आणणारा टेम्पो आत येईना, हमाल रस्त्यावरून डोक्यावर वाहायचे. पावसाळ्यात कागद भिजायचा.

वडिलांना वेडं ठरवायला मी हे लिहीत नाहीये. बँकेत, बाजारात, घरी, सगळे त्यांना प्रश्न विचारत होते. 'हे करा, होईल' असं ठामपणे म्हणणारा तो एकच माणूस होता. छापखाना बंद झाला तो गिऱ्हाईक गेलं म्हणून. पण तो पैसा हाताशी असता तर एक छोटं डिजिटल मशीन तरी आलं असतं, हे आई अजून म्हणते. दक्षिणेचं दार आम्ही नंतर परत उघडलं. आता तिथे भावाचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे.

कायद्याचं बोला

शाईचा डाग, वाईट वाटलं वाचून. इतरांच्या माहितीसाठी: महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये चमत्कारी गुण सांगून यंत्रं वगैरे विकणाऱ्या टीव्ही जाहिराती बेकायदा ठरवल्या. फर्निचर इकडचं तिकडे करायचा सल्ला देणं यात येईलच असं नाही, पण 'ही वस्तू घ्या, कर्ज फिटेल' असं कोणी म्हणालं तर छापील जाहिरात आणि पावती जपून ठेवा.

निळी साडी

लाफिंग बुद्धाबद्दल. मी नागपूरची, आमच्या घरी तथागत आहेत आणि शेजारी बाबासाहेब. ऑफिसात दिवाळीला मला पोट सुटलेला, पोतडीवाला हसरा बुद्ध मिळाला. देणारी मैत्रीण प्रेमाने म्हणाली, "हा स्वतः विकत घ्यायचा नसतो गं, कोणीतरी द्यावा लागतो. पोटावर हात फिरव, पैसा येईल." घरी नेला तर आजीने विचारलं, "हे कोण?"

हे तथागत नव्हेत. हा पुताई, दहाव्या शतकाच्या सुमारास चीनच्या च-च्यांग भागात फिरणारा, खांद्यावर कापडी पोतं टाकलेला भिक्खू. पुढे लोक त्याला मैत्रेय बुद्धाचा अवतार मानायला लागले. म्हणजे परका नाही, पण आपण ज्यांना वंदन करतो ते हे नाहीत. आजीला एवढं पुरलं. तिने त्याला पुस्तकांच्या कपाटात जागा दिली, वंदनेच्या जागी नाही. पोटावर हात मात्र तिने कोणाला फिरवू दिला नाही. "भिक्खू आहे ना तो? मग?"

मला राग येतो तो बाथरूममध्ये, बारच्या काउंटरवर बुद्धाचं मस्तक शोभेला ठेवतात त्याचा. 'पॉझिटिव्ह एनर्जी' म्हणे.

कुंडीवाला

नर्सरी आहे, तळेगावजवळ. लकी बांबू हा बांबू नाहीच. ड्रॅसीना आहे, मूळचा आफ्रिकेतला, कॅमेरूनकडचा. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या बेटावरचा. चोरून आणलेला जास्त वाढतो म्हणतात, त्यामुळे माझ्या नर्सरीतून फांद्या गायब होतात. वाढतो तो कुठूनही आणला तरी.

एक काळजी घ्या. या बरण्यांतलं पाणी आठवड्याला बदला आणि बरणी आतून घासा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा फ्रिजमागचा ट्रे आणि हा बांबू आधी बघतात. समृद्धीच्या कोपऱ्यात अळ्या निघालेली घरं मी पाहिली आहेत.

चौथा मजला, डावीकडे

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत समोरच्या काकूंनी दारावर अष्टकोनी आरसा लावला. वाईट शक्ती परतवणारा. परतवणारा म्हणजे कुठे? बरोबर आमच्या दारावर. माझ्या आईने दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची बांधली, नेहमीपेक्षा मोठी. काकूंनी आरसा आणखी मोठा आणला. आईने काळी बाहुली टांगली. मधल्या पॅसेजमधून पोस्टमन जायला घाबरायला लागला.

तह झाला तो गणपतीत. काकूंच्या मुलीला ताप होता आणि आरतीला ताट घ्यायला त्यांच्याकडे कोणी नव्हतं. आई गेली. मग आरसाही गेला, बाहुलीही. लिंबू-मिरची आहे, पण ती शनिवारची, तिच्यात राजकारण नाही.

ट्रॅफिक लाइट

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. घर विकायला काढलं तेव्हा एजंटबाईंनी आधीच सांगितलं: रस्ता थेट तुमच्या दारावर येऊन संपतो आणि दार उघडताच समोर जिना आहे, त्यामुळे चिनी गिऱ्हाइकं कमी येतील. पण दार पूर्वेला आहे, तेव्हा तुमचे लोक येतील. तसंच झालं. पाहायला आलेल्या पहिल्या तेलुगू जोडप्याने फोनमधलं होकायंत्र काढलं, स्वयंपाकघर नंतर पाहिलं.

रस्ता दारावर येऊन संपतो हे मात्र मला राहतानाच खटकायचं. रात्री प्रत्येक गाडीचा दिवा हॉलच्या भिंतीवर. आम्ही समोर झुडपांची रांग लावली आणि त्रास थांबला. नंतर कळलं, फेंगशुईवालेही हेच सांगतात.

विटकर

मी आर्किटेक्ट, ठाण्यात. क्लायंट दोन नकाशे घेऊन येतात, एक माझा आणि एक गुरुजींचा. थोडं लिहितो.

हे नियम ज्या मातीत झाले तिथे त्यांना अर्थ आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो, हाडं गोठवणारा. म्हणून पाठीशी डोंगर, तोंड दक्षिणेला, समोर पाणी. बीजिंगच्या राजवाड्यामागे जिंगशान टेकडी आहे, ती चक्क खणून काढलेल्या मातीची केलेली. आपल्याकडे दक्षिण यमाची म्हणून लोक दार टाळतात, चिनी माणूस तीच पहिली मागतो. आपल्याकडे नैर्ऋत्य जड आणि बंद ठेवायला सांगतात. दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूने येतो, तेव्हा तिकडे जाड भिंत बरीच. पण मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. तिथली खिडकी बंद करून मग एसी लावणं मला जमत नाही.

आणि कृपा करून फोनच्या होकायंत्रावर भिंती पाडू नका. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी दार, फ्रिज, सगळं त्याला चकवतं. हॉलमध्ये एक दिशा दाखवेल, चार पावलांवर दुसरी. मंजूर नकाशावर उत्तरेचा बाण असतो, तो बघा.

नवीन सभासद

विटकर दादा, आमचं टॉयलेट बरोबर ईशान्येला आहे. घरात आजारपण सुरूच आहे. सासूबाई म्हणतात तोडून दुसरीकडे हलवा. काय करू? तिसरा मजला, दोन बेडरूम.

विटकर

ताई, तोडू नका. तुमच्या टॉयलेटची पाइपलाइन वरून खालपर्यंत एका रांगेत आहे. जागा हलवली तर तेवढ्या लांबीला उतार द्यायला फरशी उचलावी लागेल, वॉटरप्रूफिंग नव्याने आणि तरी खालच्यांच्या छताला ओल येण्याची शक्यता. सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी वेगळीच.

आजारपण काय आहे? खोकला, दमा असं असेल तर आधी टॉयलेटची भिंत बेडरूमच्या बाजूने बघा. बुरशी आहे का? कपाट त्या भिंतीला चिकटून आहे का?

नवीन सभासद

हो, कपाट चिकटूनच आहे. मागे काळं झालंय. मुलाला बालदमा आहे.

विटकर

मग ते कपाट आजच पुढे ओढा. मुलाला त्या खोलीत झोपवू नका आणि डॉक्टरांना भिंतीचं सांगा. एक्झॉस्ट फॅन बसवा, गळती कुठून आहे ते प्लंबरकडून शोधून घ्या, भिंत सुकल्यावरच प्लास्टर आणि रंग. आधी रंग दिलात तर पुढच्या पावसात परत काळी होईल.

नवीन सभासद

आज रात्रीच ओढते. सासूबाईंना काय सांगू?

सांजवात

ईशान्य मोकळी करताय म्हणून सांगा. खोटं तर नाहीच, आणि कपाट ओढायला त्याही हात लावतील.