बागेतून धडे काढणं आता पुरे का?

कोरडा_पाषाण:
परवा वसईत एका चर्चमध्ये 'रानातील भूकमळांकडे पाहा, ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत' या वचनावर (बायबल, मत्तय ६) प्रवचन ऐकलं. बाकांवरच्या निम्म्या बायका पहाटे बॅटरीच्या उजेडात मोगऱ्याच्या कळ्या खुडून, पाटी दादरला रवाना करून आलेल्या. त्यांना सांगायचं की फुलं कष्ट करत नाहीत! नसतील करत. माळ्याचं काय?

बागेवरून जे ख्रिस्ती धडे काढतात ते बहुतेक कुंडीत चार गुलाब लावणाऱ्यांचे असतात. तण म्हणजे पाप, खत म्हणजे प्रार्थना, झालं प्रवचन. 'दाणा मातीत मेला तरच पीक येतं' हे योहानाच्या १२व्या अध्यायात गव्हाबद्दल आहे, तरी तेही सर्रास फुलांना चिकटवतात. मोगरा आपण बियांवर करतच नाही. फांदी मातीत दाबून कलम करतो, मरण्याचा संबंधच येत नाही. श्रद्धा खुशाल ठेवा, पण फुलांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका.

नगरचा_पाहुणा:
वचन अर्धंच वाचलंत. पुढे लगेच म्हटलंय की रानातलं हे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडतं. ती पावसानंतर आपोआप येणारी गालीलातली रानफुलं, ऊन तापलं की वाळून जळणाला जाणारी. ऐकणारे होते उद्या काय खाऊ, काय नेसू या धास्तीतले लोक. त्यात कष्टाची टिंगल कुठे आहे? माळ्यासाठी वचन हवं तर प्रेषित पौलाचं पत्र घ्या, १ करिंथ ३:६. 'मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला.' लावणं आणि पाणी घालणं ही दोन्ही कामं तिथे माणसांच्याच नावावर आहेत.

वाडीकरीण:
पाषाणभाऊ, बॅटरी घेऊन कळ्या खुडणाऱ्यांतलीच मी. आम्हालाही थोडं विचारा की.

थंडीत आम्ही मोगऱ्याचं पाणी तोडतो. पानं पिवळी पडून गळतात, नवखा माणूस बघून म्हणेल वाडी गेली. मग छाटणी, शेणखत आणि पुन्हा पाणी. पाणी तोडायला जो घाबरतो, त्याच्या झाडाला पानंच पानं, कळी नाही. देव माझं पाणी तोडतो असं मी म्हणणार नाही, इतकी शहाणी नाही मी. पण सुकलेल्या झाडाजवळ धीर धरायची सवय मला वाडीनेच लावली, प्रवचनाने नाही.

आणखी एक. मोगरा भरात येतो तो ऐन उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आणि त्या दिवसांत चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर वेदीवर फुलं ठेवायची नसतात. घरात पाट्याच्या पाट्या, वेदी मात्र ओकीबोकी! आमची फुलं तेव्हा जातात गजऱ्यांत आणि देवळांतल्या हारांत. आपल्याकडे भरपूर असून आपल्या वेदीसाठी हात आखडायचा, हे मला उपवासापेक्षा अवघड जातं. आता हा धडा कुंडीवाल्याचा म्हणाल का?

गॅलरीतला_माळी:
कुंडीवाला हजर आहे :) माझ्याकडे कृष्णकमळ आहे. आजी दाखवायची: बाहेरचे तंतू शंभर कौरव, त्यावर पाच पांडव, मधे कृष्ण. शेजारच्या ख्रिस्ती काकू त्याच फुलात तंतूंचा काट्यांचा मुकुट बघतात, पाच पुंकेसर म्हणजे येशूच्या पाच जखमा, वरचे तीन दांडे म्हणजे खिळे आणि दहा पाकळ्या म्हणजे पेत्र व यहूदा वगळून उरलेले शिष्य. वेल मूळची अमेरिका खंडातली. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी हा अर्थ लावला, तेव्हा त्यांना कौरवांचा पत्ता नव्हता. वेलीला दोन्हींचा नाही. तिचा सगळा खटाटोप भुंग्यासाठी. माझं मत पाषाणांना.

नगरचा_पाहुणा:
दोन अर्थ निघाले म्हणून दोन्ही खोटे, हे कुठलं तर्कशास्त्र? फूल ही भिंतीवरची खुंटी आहे, ज्याने त्याने आपली पिशवी अडकवावी. रेव्हरंड टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले म्हणून त्यांच्या फुलांचा धर्म कुणी विचारला नाही.

कोरडा_पाषाण:
खुंटीला माझी हरकत नाही. ती दुसऱ्याच्या कपाळात ठोकण्याला आहे. योहान १५, पिता माळी आहे आणि तो फाटे छाटतो. आमच्या नात्यातल्या एकीचं मूल गेलं तेव्हा तिला हेच ऐकवलं, 'देव छाटणी करतोय.' ती मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) यायची बंद झाली. बागेचे धडे गोड असतात, जोवर तुम्ही छाटलेली फांदी नसता.

वाडीकरीण:
असं बोलणाऱ्याने कात्री कधी हातात धरली नसणार. छाटून निघून जात नाही कुणी. जाड फांदीच्या कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावी लागते, नाहीतर बुरशी शिरते. आणि मूल म्हणजे काय फाटा आहे?

त्या बाईला योहान १५ नको, २० वाचून दाखवायला हवा होता. मग्दालेना येशूच्या कबरेपाशी रडतेय, समोर उभ्या, पुन्हा उठलेल्या येशूलाच माळी समजतेय, आणि तो विचारतो, 'बाई, का रडतेस? कोणाला शोधतेस?' छाटणीबद्दल अवाक्षर नाही.

कोरडा_पाषाण:
ताई, हे पटलं. पण यात बाग कुठे आली? दुःखातल्या माणसाशी कसं बोलावं, एवढंच आहे त्यात. मी तेच तर म्हणतोय.

वाडीकरीण:
बाग कुठे आली म्हणजे? कबर बागेतच होती. योहान १९:४१.