गहाणखतावरची बांगडी: कायद्यानं विधवेला राखलं की अडवलं?

मूळ धागा

आजीच्या पेटीत मोडीतलं एक गहाणखत निघालं, जाणकाराकडून वाचून घेतलं. शेवटी पणजीच्या सासूचं नाव आणि पुढे सहीऐवजी बांगडीची निशाणी. कुणबी पुरुष असता तर नांगर काढला असता. मी अडखळले ती कारणांच्या यादीपाशी: नवऱ्याचं देणं, सरकारी सारा, मुलीचं लग्न. आपल्याच जमिनीवर कर्ज घेताना एवढा खुलासा का?

कारण भावांपासून वेगळ्या झालेल्या, म्हणजे विभक्त नवऱ्याची जमीन विधवेकडे आली तरी मालकी मर्यादित. 'कायदेशीर गरज' नसेल, तर तिच्या मागे वारस व्यवहार मोडू शकत. अल्पवयीन मुलाच्या वतीनं एका राणीनं केलेल्या गहाणावर, हनुमानप्रसाद पांडे खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, १८५६ मध्ये ठरवलं की सावकारानं गरजेची प्रामाणिक चौकशी करावी, तेवढं पुरे. हाच निकष पुढे विधवांनाही लागला. म्हणजे तिची गरज खरी की खोटी, हे आधी सावकार ठरवणार! मला हे अपमानास्पद वाटतं.

प्रतिसाद १

असहमत. चौकशीचं ओझं सावकारावर होतं, हे विसरू नका. कोरा कागद पुढे करून अंगठा घेणाऱ्याला उद्या कोर्टात गरज दाखवावी लागणार, ही धास्ती बाईच्या बाजूची होती. ही अट नसती तर पहिल्याच दुष्काळात जमिनी गेल्या असत्या.

मूळ धागाकर्ती

पण ती धास्ती सावकार फुकट सोसत नव्हता. तो म्हणायचा, दिराची सही आण. भावी वारसांची संमती हा गरजेचा पुरावा मानला जाई. ज्याला तिच्यामागे जमीन मिळायची, त्याच्याच उंबऱ्यावर तिनं जायचं. आमच्या कागदावर बांगडीच्या वर दिराची सही आहे.

प्रतिसाद २

तुम्ही दोघं विभक्त घराबद्दलच बोलताय. एकत्र कुटुंबातल्या विधवेला १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या कायद्यापर्यंत अन्नवस्त्राखेरीज हक्क नव्हता. तिच्याशी सावकार बोलणी तरी कशाला करेल? आणि आपल्याकडे खरा आधार आला तो १८७५ च्या सुप्याच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यानंतर, १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं. पुणे, सातारा, सोलापूर, नगर इथं कोर्ट खत बाजूला ठेवून हिशेब मुळापासून तपासू लागलं. दामदुपट तर आधीपासून होतंच, मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी मागता येत नसे. पण हे सगळं तिला मिळालं शेतकरी म्हणून, बाई म्हणून नव्हे.

प्रतिसाद १

हे मान्य. दिराच्या सहीचा मुद्दाही मला खोडता येत नाही. तरी मर्यादा नसती तर तोच दीर तिच्याकडून जमीन स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला मोकळा होता, या मतावर मी ठाम आहे. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायद्यानं पूर्ण मालकी आली, तेव्हा काळही बदलला होता. एक सांगा, ते गहाण सुटलं का? जुन्या फेरफारात नोंद असेल तर बघा.

मूळ धागाकर्ती

सुटलं. फेडीची पावती त्याच कागदाला टाचलेली आहे. तिच्यावर फक्त बांगडी आहे, दिराची सही नाही.