फायबरच्या बोटीला रंग द्यायचाय, आधी भरलेली लांबी (पुट्टी) सुटलीय, आता काय करावं?

दूधगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, समजून घ्या. आमचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगा कृष्णेला मिळते तिथनं थोडं वरच्या अंगाला. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की पुढं काय होणार ते आमच्याकडं कुणाला सांगाय लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात गुळाच्या काहिलीत बसवून म्हातारी माणसं बाहेर काढली होती आम्ही, धारेला काहील गरागरा फिरायची, बघवत नव्हतं. त्यानंतर मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून मालवणकडनं जुनी १८ फुटी फायबरची बोट आणली आणि २०२१ च्या जुलैत तिनं खरंच काम दिलं.

आता अडचण अशी की मागच्या वर्षी एका गाडीच्या पेंटरकडनं बाहेरनं लांबी भरून, घासून, ऑईलपेंट मारून घेतला. दिसायला नवीकोरी. यंदा पाऊसकाळात चार महिने नदीतच बांधून होती, दिवाळीनंतर वर ओढून पालथी घातली तर खालच्या अंगाला सगळे फोड, तळहाताएवढे लांबीचे पापुद्रे हातानं निघालेत, आणि एक फोड सुरीनं टोकरला तर आतनं चिकट आंबूस वासाचं पाणी आलं. वरच्या बाजूची लांबी अजून धरून आहे खरं उन्हात बघितलं की अंग लाटालाटाचं दिसतंय. सगळी काढायची का नुसती सुटलेली? परत कुठली लांबी भरायची? पुढच्या पावसाच्या आत तयार पाहिजे, पोरं हातानं काम कराय तयार आहेत, पैसा बेताचाच आहे.

गॅरेजवाला निपाणी:
दादा, मी २० वर्षं डेंटिंग पेंटिंग करतोय म्हणून सांगतो, ती लांबी गाडीच्या दारासाठी असते. तिच्यात शंखजिऱ्याची पावडर असते, ती पाणी पिते. गाडीवर पाऊस पडतो आणि निथळून जातो, तुमची बोट चार महिने पाण्यात बुडून राहिली, मग ती फुगणारच की. वरच्या सुक्या भागाला मी स्वतः ती वापरीन, तिथं तक्रार येत नाही, खरं पाण्याखालची खरवडून पार काढा, एक तुकडा ठेवू नका.

लाटा दिसतात त्याचं कारण बहुतेक असं की पेंटरनं हातात घासायचा पेपर धरून नाहीतर गोल मशीननं घासलंय. बोटं खड्ड्यात जातात, मशीन बी खड्ड्यात जातंय, म्हणजे खड्डा तसाच राहतो आणि नुसता गुळगुळीत होतो. दोन अडीच फूट लांब, जरा वाकणारी प्लायची पट्टी घ्या, तिला ८० नंबरचा पेपर चिकटवा आणि दोघांनी तिरकं घासा, आधी एका बाजूनं तिरकं मग उलट्या बाजूनं तिरकं, फुलीसारखं. घासायच्या आधी काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा. घासल्यावर काळं जिथं राहिलं तो खड्डा, जिथं लगेच पांढरं पडलं तो उंचवटा. डोळ्याला दिसत नाही ते ह्यात दिसतंय.

आणि जुना ऑईलपेंट कुठं ठेवणार असाल तर थिनरचा बोळा दोन मिनिटं त्यावर धरून बघा. सुरकुतला तर त्यावर टू-पॅक (रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारू नका, उचलून येतो सगळा.

उद्यमबाग एफआरपी:
निपाणीवाल्यांनी लांबीचं बरोबर सांगितलंय. आमचं फायबरच्या टाक्या आणि फौंड्रीच्या पॅटर्नचं काम आहे, बोटी अधनंमधनं येतात, त्यावरनं सांगतो. अण्णा, तुम्ही लांबीचं विचारताय खरं आंबूस पाणी आलं म्हणजे फक्त लांबी सुटलेली नाही, फायबरच्या थरात पाणी शिरलंय. ते बंद करून वरनं रंग मारला तर पुढच्या वर्षी हाच धागा परत वर येईल.

म्हणून आधी रुपयाचं नाणं घ्या आणि अख्खी बोट वाजवून काढा, बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. टणटण आवाज आला ती जागा चांगली, भद असा आवाज आला तिथं खडूनं गोल करा. जेवढे फोड आहेत तेवढे सगळे फोडा, कडा घासून उताराच्या करा, गोड्या पाण्यानं दोन तीन वेळा धुवा आणि महिनाभर वाऱ्यावर सुकू द्या. सुकलं का बघायला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून एक रात्र ठेवा, सकाळी आतनं दव धरलं असेल तर अजून थांबा.

कागद कोरडा आला की भरायचं इपॉक्सीनं. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलंय त्याच प्रमाणात, अंदाजानं नको, छोटा वजनकाटा घ्या. आधी नुसती इपॉक्सी ब्रशनं पातळ लावायची, ती चिकट असतानाच वरनं भरण. भरण म्हणजे त्याच इपॉक्सीत मायक्रोबलून टाकायचे, ही काचेच्या पोकळ गोळ्यांची पावडर असते, पिठापेक्षा हलकी, मास्क लावूनच हात घाला. किती टाकायची? श्रीखंडासारखं झालं तर कमी पडली, उभ्या बाजूला ओघळेल. चक्का फडक्यातनं काढल्यावर जसा उभा राहतो तसं झालं पाहिजे. आणि टमरेलात ढीग करून ठेवू नका, तापून धूर निघतो, जुन्या फरशीवर पसरून ठेवा म्हणजे जास्त वेळ मिळतो.

मोठ्या लाटेला एकदम भरू नका. दात्यांच्या पट्टीनं ओढा, म्हणजे शेतातल्या सऱ्यांसारख्या रेघा उठतात, त्या वाळल्या की नुसते वरंबे लांब पट्टीनं घासून लेव्हलला आणायचे आणि मग सऱ्या भरायच्या. घासायला निम्मी मेहनत लागते, माझं स्वतःचं बघितलेलं आहे. एक लक्षात ठेवा, इपॉक्सी वाळल्यावर बऱ्याचदा वर मेणचट थर येतो, तो पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं धुऊन मगच पेपर लावा, नाहीतर पेपर चोंदतो आणि पुढचा थर धरत नाही. इपॉक्सीवर परत पॉलिस्टरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तो चकचकीत थर, मारायच्या भानगडीत पण पडू नका, भरवशानं धरत नाही. इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंग. तो पीयू स्प्रेनं मात्र मारू नका, त्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट, साधा मास्क पुरत नाही. रोलरनं मारून मागनं कोरड्या ब्रशच्या टोकानं हलकं ओढत जायचं, दोन माणसं लागतात, काम छान होतं.

कारवार सदाशिवगड:
वरच्या सगळ्यांना धरून दोन गोष्टी सांगतो, आमच्या घरात होड्यांचं काम आहे.

पहिली, पेपर लावायच्या आधी मेण काढा. साच्यातनं होडी सुटावी म्हणून मेण लावलेलं असतं आणि लोक नंतर पॉलिशही मारतात. तसाच पेपर फिरवला तर मेण ओरखड्यात घुसून बसतं, मग रंग कितीही महागाचा आणा. एका फडक्यावर थिनर घेऊन पुसा आणि तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा, फडकी सतत बदला. मग पाण्याचा तांब्या ओता. पाणी पडद्यासारखं सरळ उतरलं तर साफ झालं, आळूच्या पानावर थेंब उभे राहतात तसं दिसलं तर परत पुसा.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. होडी एरवी कशावर ठेवता? दोनच टेकूंवर वर्षभर ठेवली तर तिथं बूड आत दबतं आणि त्यालाच लोक खड्डा समजून भरतात. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत दोरी ताणून बघा, बाक कुठं आहे ते कळेल. आधी टेकू नीट करा, आठ दिवस राहू द्या, मग लांबीला हात घाला.

नदीकाठी थंडीत सकाळी दव असतं, म्हणून प्रायमर आणि रंग दहाच्या पुढं सुरू करा आणि तीनच्या आत हात धुवा. रंग पांढरा किंवा फिका घ्या, गडद रंग उन्हात तापतो आणि आतल्या काचेच्या मॅटचे धागे वर उमटतात.

दूधगंगाकाठ:
मंडळी, किती आभार मानू. कारवारचे दादा, तुम्ही म्हणता तसंच आहे, नदीत नसली की शेडमध्ये दोन ट्रकच्या टायरवरच असते ती, आणि लाट बरोबर तिथंच आहे, आम्हाला एवढं साधं सुचलं नाही. आता चार जागी लाकूड देऊन गोणपाट टाकलंय.

काल रात्री पोरांनी बॅटरी लावून नाणं वाजवलं. बाकी बोट चांगली वाजली, खरं मागं इंजिन बसतं त्या फळीच्या जवळ डाव्या बाजूला साधारण भाकरीएवढी जागा भद वाजतेय, आणि अंगठ्यानं दाबलं तर किंचित आत जातेय. तिथं काय भरू? बोटीचं अंग तिथं अंदाजे ५ मिलिमीटर जाड आहे.

उद्यमबाग एफआरपी:
अण्णा, तिथं काहीच भरू नका. दबतंय म्हणजे थर एकमेकांपासून सुटलेत, भरण तिथं ताकद देत नाही. मऊ भाग ग्रायंडरनं घट्ट थर लागेपर्यंत काढा आणि कडेनं जाडीच्या १२ पट लांब उतार करा, म्हणजे तुमच्या ५ मिलिमीटरला चारी बाजूंनी ६० मिलिमीटर. मग इपॉक्सीत काचेचं विणलेलं कापड, आधी मोठा तुकडा मग त्यावर लहान होत जाणारे, हवा दाबून काढत. साधी तुकड्यांची मॅट इपॉक्सीला घेऊ नका, तिची चिकट पावडर पॉलिस्टरमध्ये विरघळते, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. अंग भरदार झालं की मग वरनं भरण आणि लांब पट्टी. ग्रायंडर चालवताना पूर्ण बाह्या, गॉगल आणि चांगला मास्क, पोरांना सांगा. आणि इंजिनची फळी आतनं लाकडाची असेल तर तीन चार ठिकाणी बारीक ड्रिल मारून भुसा बघा, कोरडा पिवळा आला तर सोडा, काळा ओला आला तर रंगाचं तूर्त बाजूला ठेवून फळीच बदलायला लागेल. भुशाचा फोटो टाका इथं, मी बघतो.