मदत हवी आहे: आयलेट ऑटोट्रान्सप्लान्टनंतर ड्रेन लाल, हेपारिन चालू ठेवायचं का?

रात्रपाळी:
घाईत लिहितेय. टोटल पॅन्क्रिएटेक्टॉमी (अख्खं स्वादुपिंड काढणं) करून पेशंटच्याच आयलेट्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, यकृतात दिल्यात, आज चौथा दिवस. ड्रेनला (पोटातला स्राव बाहेर आणणारी नळी) सकाळपासून लाल येतंय. सर्जन म्हणतात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) बंद, आयलेट टीम म्हणते अजिबात नाही. मी कुणाचं ऐकू?

कृष्णाकाठ:
वजन? स्प्लीन (प्लीहा) काढली का? आयलेट्ससोबत टिश्यू किती मिली गेलं, पोर्टल प्रेशर (यकृतात जाणाऱ्या पोर्टल व्हेनमधला दाब) कुठवर गेलं? हेपारिनचं इन्फ्युजन (शिरेतून सतत) आहे की एनॉक्सापॅरिन (त्याच गटातलं इंजेक्शन)? आणि लाल म्हणजे किती?

रात्रपाळी:
५८ किलो. स्प्लीन काढलीय. टिश्यू १६ मिली, प्रेशर २४ सेंमी पाणी. इन्फ्युजन आहे. सहा तासांत १८० मिली, हिमोग्लोबिन ९.८ वरून ८.९. बीपी, पल्स ठीक.

सुगरण:
ड्रेनचं अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) पाठवा, लीक असेल.

कृष्णाकाठ:
स्वादुपिंडच नाही तर त्याचा लीक कुठून? ड्रेनचं हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) पाठवा, ते रक्ताच्या जवळ आलं तर ताजा रक्तस्राव.

पेठकर:
दोन्ही टीम हेपारिनच्या वेगवेगळ्या कामांबद्दल भांडताहेत. आयलेट्सवरच्या टिश्यू फॅक्टरला (गोठणं सुरू करणारं प्रथिन) रक्त लागलं की तिथेच गुठळ्या धरतात आणि आयलेट्स मरतात. हे मुख्यतः पहिल्या काही तासांत घडतं, त्यासाठीच आयलेट्स देताना हेपारिन ७० युनिट प्रतिकिलो, निम्मं आयलेट्सच्या पिशवीत आणि निम्मं शिरेतून. ते काम कधीच झालंय. आता हेपारिन आहे ते पोर्टल व्हेन आणि पायांच्या शिरांसाठी. मात्र तुमचं टिश्यू प्रतिकिलो ०.२७ मिलीच्या वर जातं. ०.२५ च्या पुढे प्रेशर चढतं, पोर्टल व्हेनमध्ये गुठळीचा धोका वाढतो. म्हणून आयलेट टीमची भीतीही खरी. आत्ताच डॉपलर (शिरेतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा.

नीरा:
क्लिनिकल आयलेट ट्रान्सप्लान्टेशन कन्सॉर्शियमच्या प्रोटोकॉलात ४८ तास इन्फ्युजन, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ५०-६० सेकंद, मग एनॉक्सापॅरिन ३० मिग्रॅ दोनदा, सातव्या दिवसापर्यंत. तेच करा.

पेठकर:
ते दात्याच्या आयलेट्ससाठी. तिथे पोट उघडून अवयव काढलेला नसतो. ते आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

नीरा:
मान्य. पण एपीटीटीवर डोस वाढवला असेल तर तपासा. ऑपरेशननंतर फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन हे गोठवणारे घटक चढलेले असतात, एपीटीटी खोटं कमी दिसतं, आणि आपण रेट वाढवत राहतो. अँटी-टेन-ए (हेपारिनचा असर थेट मोजणारी टेस्ट) पाठवा.

रात्रपाळी:
काल रात्री दोनदा वाढवला होता. अँटी-टेन-ए ०.८२.

नीरा:
मग सापडलं. ०.३ ते ०.७ ही तर पूर्ण उपचाराची पातळी, तुम्ही त्याच्याही वर आहात.

बकुळ:
स्प्लीन काढलीय तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब लसी ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी झाल्या होत्या ना?

कृष्णाकाठ:
बकुळताई, ते उद्या. रात्रपाळी, एपिड्युरल (दुखणं कमी करायला पाठीच्या कण्यात घातलेली नळी) आहे का?

रात्रपाळी:
हो, आहे. लिहायचं राहिलं.

कृष्णाकाठ:
हे सगळ्यात आधी सांगायचं! हेपारिनवर तिथे रक्त साचलं तर मज्जारज्जू दबतो. इन्फ्युजन थांबवा. बीपी टिकून आहे तोवर प्रोटामिन (हेपारिनचा उतारा) नको, साध्या हेपारिनचा असर चार-सहा तासांत उतरतो. एनॉक्सापॅरिन असतं तर इतकं सहज उतरलं नसतं. दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, घसरत राहिलं तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी). हेपारिन बंद आहे तोवर एपीटीटी आणि प्लेटलेट बघून एपिड्युरल काढायचं का, ते भूलतज्ज्ञांना विचारा. काढल्यावर निदान तासभर हेपारिन नाही, आणि पायांची ताकद दर दोन तासांनी बघा.

पेठकर:
प्लेटलेट किती? स्प्लीन काढल्यावर त्या चढायला हव्यात. पाचव्या ते दहाव्या दिवसात चढता चढता खाली वळल्या तर आकडा नॉर्मल दिसला तरी एचआयटी (हेपारिनमुळेच प्लेटलेट घटून गुठळ्या होणं) धरा. मग लाइनमधलं हेपारिन फ्लशही बंद.

रात्रपाळी:
२.९ लाख, काल २.४. इन्फ्युजन थांबवलं. डॉपलरला पोर्टल व्हेन मोकळी, उजवी शाखाही. परत सुरू करताना बोलस (एकदम मोठा डोस) द्यायचा का?

नीरा:
बोलस नाही. ड्रेन फिका पडू दे, मग कमी रेटने, अँटी-टेन-ए ०.३ च्या आसपास. एपीटीटीवर परत जाऊ नका.